दुसरी स्टेपनी: अख्खं व्हील, लोखंडी डिस्क की नुसता टायर?

फोर बाय फोर घेऊन चार-पाच दिवस वस्तीपासून लांब जायचं असेल, दगडधोंड्यांचा रस्ता असेल, तर एका स्टेपनीवर भागत नाही हे बहुतेकांना पटलेलं असतं. प्रश्न असतो तो दुसरी कुठली घ्यायची हा. समोर साधारण चार पर्याय येतात. गाडीवर आहे तस्संच अख्खं व्हील, त्याच मापाची लोखंडी डिस्क, म्हणजे लोखंडी रिम, आणि त्यावर तोच टायर, दुसऱ्या मॉडेलवरून निघालेलं वापरलेलं व्हील, आणि रिमशिवाय नुसता टायर. माझं मत आधीच सांगतो, बहुतेकांसाठी लोखंडी डिस्कच बरोबर, वजनाची अडचण असेल तर नुसता टायर, आणि दुसऱ्या गाडीचं व्हील फक्त तेव्हाच जेव्हा खालची सगळी मापं एकूण एक जुळतात. होल बसतात ना मग झालं, एवढ्यावर कृपया घेऊ नका.

होलचंच आधी बघू कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. पीसीडी म्हणजे नटांच्या होलच्या मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, मिमीमध्ये. सहा होलचं १३९.७ हे पीसीडी हायलक्सला आहे, फॉर्च्युनर, प्राडोला आहे, रेंजर, डी-मॅक्स, पजेरो, निसानची पेट्रोल (Patrol) सगळ्यांना तेच, त्यामुळे विकणारा बिनधास्त सांगतो की कुठलंही घ्या बसेल. पण मधल्या मोठ्या भोकाचं माप, सेंटर बोर, ते कोणी काढत नाही. हायलक्स, फॉर्च्युनरला ते १०६.१ मिमी, डी-मॅक्सला १००.१, रेंजरला ९३.१ आणि नंतरच्या पिढीच्या पजेरोला ६७.१. म्हणजे सहाच्या सहा होल जुळूनसुद्धा पजेरोची रिम हायलक्सच्या हबवर, म्हणजे रिम ज्यावर बसते त्या मधल्या गोल भागावर, चढणारच नाही. उलटं केलं तर चढते, पण हबवर टेकत नाही, मधे मोकळी जागा राहते आणि रिम मधोमध धरून ठेवायचं काम एकट्या नटांवर येतं. नट टेपरचे, म्हणजे टोकाला निमुळते, असतील आणि क्रॉस पद्धतीने, एकानंतर समोरचा, थोडे थोडे आवळले तर गाडी चालते, पण स्पीडला स्टीयरिंग थरथरू शकतं आणि भरलेल्या गाडीत मला ते आवडत नाही.

पाच होलवाल्यांना तर अजून जपून राहायला लागतं. रँग्लर एकाच नावाची गाडी, पण टीजे या जुन्या पिढीला ५ × ११४.३ (पाच होल, ११४.३ पीसीडी) आणि जेके या पिढीपासून पुढे ५ × १२७. जिमनीला ५ × १३९.७, लँड क्रूझर २०० ला ५ × १५०, डिस्कव्हरी ३ आणि ४ ला ५ × १२०, जुन्या डिफेंडरला ५ × १६५.१. सहा होलमध्ये समोरासमोरच्या दोन होलच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप लावला की पीसीडी मिळतो, पाचमध्ये समोर होलच नसतं, म्हणून शेजारशेजारच्या दोन होलचं मध्य ते मध्य अंतर घ्यायचं आणि त्याला १.७०१ ने गुणायचं. ११४.३ च्या रिमवर हे अंतर ६७.२ मिमी येतं आणि १२० च्या रिमवर ७०.५, फरक जेमतेम सव्वातीन मिमीचा, त्यामुळे अंदाजे बघून सांगणाऱ्यावर विश्वास नको, व्हर्नियर (बारीक माप घ्यायची सरकपट्टी) लावा. आणि एक दोन नट सुरुवातीला लागले म्हणजे रिम बसली असं नाही, रिम हबच्या तोंडावर सपाट टेकली पाहिजे.

ऑफसेट म्हणजे रिम हबला टेकते ती जागा रिमच्या रुंदीच्या मध्यापासून किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे, आकडा जितका मोठा तितकं चाक आत. हायलक्सची रिम साधारण ३० ची, रेंजरची ५५ ची. तेवढ्याच रुंदीची ३० वाली रिम रेंजरला लावली तर चाक २५ मिमी बाहेर येतं, मडगार्डच्या बाहेर डोकावतं, पूर्ण वळवल्यावर घासायची शक्यता. उलट्या बाजूला, जास्त ऑफसेटची रिम घेतली तर चाक आत जातं आणि सस्पेन्शनला किंवा कॅलिपरला (ब्रेकचा डिस्क पकडणारा भाग) लागतं, आणि हे जास्त वाईट. कॅलिपरचं अजून एक, खालच्या मॉडेलची सोळा इंची रिम वरच्या मॉडेलच्या मोठ्या ब्रेकवर कधी कधी जातच नाही. म्हणून रिम घेण्याआधी पुढच्या चाकाला लावून बघायची, नुसती मागच्या नाही, नट आवळून हाताने एक पूर्ण फेरा फिरवायची आणि मग स्टीयरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत.

आता खरा महत्त्वाचा मुद्दा, टायरचा बाहेरचा घेर. फोर बाय फोरमध्ये हा चुकला की नुकसान गिअरच्या भागांचं होतं, त्यामुळे बाकी कशात तडजोड करा पण इथे नको. चांगली गोष्ट ही की रिम वेगळ्या इंचाची असली तरी घेर जुळू शकतो. २६५/६५ आर १७ चा व्यास साधारण ७७६ मिमी, २६५/७० आर १६ चा ७७७ आणि २६५/६० आर १८ चा ७७५. तिघे जवळजवळ एकच, म्हणून अठरा इंची अलॉयच्या गाडीला सतरा इंची लोखंडी डिस्क, ब्रेकवरून जात असेल तर, उत्तम स्टेपनी होते. पण त्याच सतरावर २८५/७० चढवला तर व्यास ८३१ होतो, सात टक्के जास्त. टायर मोठा केलेल्या गाडीच्या खाली कंपनीची जुनी स्टेपनी तशीच लटकलेली असते तिथे हाच प्रश्न असतो, कागदावर स्टेपनी आहे पण लावून फोर व्हील टाकता येत नाही.

कारण असं की पार्ट टाइम सिस्टीममध्ये, म्हणजे एरवी गाडी मागच्या दोन चाकांवर (टू व्हील) चालते आणि गरजेला फोर व्हील टाकतात तिथे, फोर व्हील टाकल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जाम बांधले जातात. एका एक्सलवर एक चाक तीन टक्के लहान असेल तर त्या एक्सलची सरासरी दीड टक्क्याने बदलते आणि हा फरक कुठेतरी निघायला लागतो. वाळूत, चिखलात टायर घसरून निघून जातो, कडक रस्त्यावर मात्र ट्रान्सफर केसमध्ये (पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरबॉक्स) ताण साठत जातो. फुल टाइमवाल्यांना, म्हणजे चारही चाकं कायम ओढतात त्यांना, मधला डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) असतो पण तो मग सरळ रस्त्यावरसुद्धा सतत फिरत राहतो आणि तापतो, व्हिस्कस कपलिंग (घट्ट तेलाने दोन शाफ्ट जोडणारा भाग) असेल तर अजून त्रास. पार्ट टाइमवाल्यांसाठी एक सोय आहे: वेगळ्या घेराचं चाक लावायची वेळ आलीच तर ते पुढच्या एक्सलवर लावायचं, टू व्हीलवर चालायचं आणि स्पीड कमी ठेवायचा. मागचं पंक्चर झालं असेल तर पुढचं चांगलं चाक मागे न्यायचं आणि वेगळं पुढे, दोनदा जॅक लागतो पण मागचा डिफरन्शियल वाचतो, लिमिटेड स्लिपवाला (दोन चाकांच्या वेगातला फरक आवरणारा) असेल तर हे करायलाच हवं. फुल टाइमला अशी सुरक्षित जागाच नाही, तिथे घेर तंतोतंत हवा.

आणि घेर म्हणजे फक्त बाजूला छापलेला आकडा नाही. नवीन ऑल टेरेन (रस्ता आणि कच्चा दोन्हीसाठीचा) टायरची खाच १२ मिमी धरली आणि गाडीवरचे चारही घासून ४ वर आले असतील तर व्यासात १६ मिमीचा फरक पडतो, म्हणजे दोन टक्के, माप तेच असूनसुद्धा. म्हणून कोरी करकरीत स्टेपनी वर्षानुवर्षं सांभाळून ठेवण्यात अर्थ नाही. टायर बदलायला झालेत तेव्हाच सहा घ्या आणि रोटेशनमध्ये सगळे फिरवा, निदान पाच तरी. टायर दिशेचा बाण असलेला घेऊ नका, कारण स्टेपनी कुठल्या बाजूला लागेल हे आधी माहीत नसतं. लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती भार झेलतो त्याचा आकडा, गाडीला सांगितलेल्यापेक्षा कमी नको, ११२ म्हणजे ११२० किलो, ११६ म्हणजे १२५०, आणि लांबच्या ट्रिपला गाडी गच्च भरलेली असते.

हे सगळं डोक्यात ठेवून चार पर्याय शेजारी शेजारी ठेवले की असं दिसतं. तस्संच अख्खं अलॉय व्हील घेतलं तर जुळण्याची काळजी शून्य, नट तेच, हवेच्या दाबाचा सेन्सर बसवता येतो, रोटेशनला सरळ. तोटा फक्त महाग आणि दगडावर जोरात आदळलं तर अलॉय तडकू शकतं. लोखंडी डिस्क स्वस्त, वाकली तर हातोड्याने कड सरळ करून हवा धरण्याइतकी आणता येते, आडरानात ही गोष्ट फार मोठी आहे. तोटा म्हणजे सहसा वजन थोडं जास्त आणि नट वेगळे. वापरलेलं व्हील दुसऱ्या गाडीचं असेल तर वरची सगळी परीक्षा. आपल्याच मॉडेलचं असेल, कोणी अलॉय बदलले म्हणून काढून विकतोय, तर माझ्या मते सगळ्यात चांगला सौदा हाच. फक्त रिमची आतली कड बोट फिरवून तपासा, वाकलेली आतूनच असते, बाहेरून पॉलिश मारलेली दिसते. टायरवर डॉट कोडचे (बाजूला DOT ने सुरू होणारा कोड) शेवटचे चार आकडे बघा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दहा वर्षं उलटलेला टायर खाचा कितीही खोल असल्या तरी नको, बाजूला बारीक भेगा दिसल्या तर त्याआधीही नको.

नुसता टायर हा पर्याय लोक विनाकारण बाजूला टाकतात. या मापाचं अख्खं व्हील उचलायला तीस-पस्तीस किलो भरतं, नुसता टायर त्याच्या साधारण निम्म्यावर येतो. शिवाय दुसऱ्या स्टेपनीची गरज बहुतेक वेळा साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) फाटल्यामुळे लागते आणि तेव्हा रिम ठीकच असते. पण मग बीड (टायरची रिमला घट्ट बसणारी कड) सोडवायचं साधन, दोन-तीन चांगले टायर लिव्हर, साबणाचं पाणी, आणि बीड रिमवर टप्पकन बसवेल एवढा दमदार कॉम्प्रेसर सोबत लागतो, आणि हे सगळं घरी एकदा करून बघितलेलं असलं पाहिजे. छोट्या, मऊ साइडवॉलच्या टायरला एकट्याने जमतं, दहा प्लायच्या (थरांच्या) कडक टायरला घाम निघतो. रिमच तडकली तर मात्र या पर्यायाचा काही उपयोग नाही. दोन-तीन गाड्या एकाच व्हीलच्या एकत्र जात असतील तर प्रत्येकाने दुसरं अख्खं व्हील नेण्यापेक्षा ग्रुपमध्ये एक जादा व्हील आणि एक-दोन टायर, हे वजनाच्या हिशेबाने जास्त शहाणपणाचं. आणि खाचेतल्या साध्या पंक्चरला स्टेपनी काढायचीच नाही, प्लग किट आणि कॉम्प्रेसर.

ठेवायचं कुठे हे ठरल्याशिवाय घेऊ नका. छतावर तीस-पस्तीस किलो म्हणजे गाडीचा तोल वर जातो, उतारावर आडवं चालताना ते जाणवतं, आणि छताची मर्यादा बघायला लागते. तीन दारी जिमनीच्या छताची मर्यादाच ३० किलो आहे, त्यात रॅकचं वजनही आलं, म्हणजे तिथे अख्खं व्हील वर टाकायचा विचार सोडून द्या. मागच्या बंपरवर स्विंग आर्म (व्हील धरणारा, दारासारखा उघडणारा दांडा) लावला तर काढायला सोपं, पण मागच्या एक्सलवर भार वाढतो. पिकअपला हौद्यात आडवं टाकून पट्ट्याने आवळणं सगळ्यात चांगलं. गाडीच्या आत ठेवणार असाल तर नीट बांधा, मोकळं व्हील ब्रेक मारल्यावर थेट पुढच्या सीटवर येतं. खालच्या कॅरियरमध्ये लोखंडी डिस्क टाकणार असाल तर केबलच्या टोकाची पट्टी तिच्या मधल्या भोकात नीट अडकते का तेही बघा.

राहिले नट. टोयोटाच्या बऱ्याच अलॉयला सरळ दांड्याचे आणि चपट्या वॉशरचे नट येतात, लोखंडी डिस्कला टेपरचे लागतात, आणि चपटा नट डिस्कवर आवळला तरी तो बरोबर बसत नाही, चालता चालता ढिला होतो. आट्यांचं मापही बघा, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना एम १२ × १.५ (१२ मिमी जाडी, दोन आट्यांमधे १.५ मिमी), जिमनीला आणि निसानच्या बऱ्याच गाड्यांना १२ × १.२५, जबरदस्तीने घातला तर स्टडच खराब होतो. डिस्क घेतानाच तिचे पाच किंवा सहा नट घ्या, पिशवीत घालून डिस्कलाच तारेने बांधून टाका, आणि ते नट तुमच्या पान्यात बसतात का हे दुकानातच बघून घ्या.