लाइव्ह गिगसाठी बेस: अँप घ्यायचा की डीआय पेडल?

आमच्या बँडच्या ड्रमरचा धाकटा भाऊ बेस वाजवतो, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला, "दादा, पैसे साठवलेत पण एकच गोष्ट येईल, अँप घेऊ की डीआय पेडल?" (डीआय म्हणजे बेस गिटारचा आवाज थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला द्यायचा छोटा डबा.) अर्धा तास बोललो तरी त्याचं समाधान झालं नाही, म्हणून आता नीट लिहूनच काढतोय, कारण हाच प्रश्न मला बरेच जण विचारतात आणि चुकीची वस्तू आधी घेऊन बसलेली पोरं मी बघितलीत, अँप घरी माळ्यावर पडलेला आणि शोला जाताना दुसऱ्याकडून डीआय मागायची वेळ.

माझं मत आधीच सांगतो. तुमचे बहुतेक शो मोठ्या साउंडवर होत असतील, म्हणजे नाट्यगृह, गणपती-नवरात्राचे कार्यक्रम, कॉलेजचं गॅदरिंग, लग्नातलं संगीत, तर पहिले पैसे डीआय पेडलवर घाला. बहुतेक शो कॅफेत, छोट्या पबमध्ये, कुणाच्या गच्चीवर होत असतील तर पहिले पैसे हलक्या कॉम्बो अँपवर, म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच पेटीत. प्रश्न वस्तूचा नाहीच मुळात, तुमचा आवाज लोकांपर्यंत कोण पोचवणार, साउंडवाला की तुम्ही, हे ठरलं की वस्तू आपोआप ठरते. मागच्या दहा शोंची यादी करा आणि प्रत्येकासमोर लिहा की स्पीकर कोणाचे होते, मग पुढचं वाचा.

हे असं का, ते थोडं मागे जाऊन बघू. फेंडरचा प्रिसिजन बेस 1951 चा, जॅझ बेस 1960 चा, आणि त्या काळात पीएमधून, म्हणजे हॉलच्या मोठ्या साउंडमधून, गायकाचा आवाज जेमतेम जायचा, बेसला स्वतःच्या अँपवरच अख्खा हॉल भरावा लागायचा. त्यातूनच 1969 मध्ये अँपेगचा एसव्हीटी आला, 300 वॉटचा व्हॉल्व्हचा हेड (स्पीकर नसलेला नुसता अँप) आणि खाली आठ दहा-इंची स्पीकरचं कपाटाएवढं कॅबिनेट. त्याचा आवाज अजूनही डोळे मिटून ऐकावा असाच आहे, पण आज पुढचा आवाज पीए पोचवतो, स्टेजवरचा अँप बहुतेक वेळा फक्त तुम्हाला आणि ड्रमरला ऐकू यावं म्हणून असतो. म्हणजे अँपचं निम्मं काम दुसऱ्याने घेतलंय, मग त्याच्यावर सगळे पैसे का घालायचे हा साधा हिशोब.

आता डीआय म्हणजे नक्की काय. बेसमधून येणारा सिग्नल कमजोर असतो आणि गिटारची केबल लांब झाली की त्यातला वरचा खणखणीतपणा गळतो, शिवाय आजूबाजूचा कचरा आत शिरतो. डीआय तो सिग्नल बॅलन्स्ड करतो, म्हणजे बाहेरचा कचरा कापला जाईल असा करतो, मग तो एक्सएलआर (माइकच्या तीन पिनच्या) केबलमधून तीस-चाळीस मीटर लांब मिक्सरपर्यंत बिनदिक्कत जातो. साध्या डीआयचे दोन प्रकार, पॅसिव्ह म्हणजे आत फक्त ट्रान्सफॉर्मर, वीज लागत नाही, आणि अॅक्टिव्ह, ज्याला बॅटरी किंवा मिक्सरचं 48 व्होल्टचं फँटम (मिक्सर केबलमधूनच पाठवतो ती वीज) लागतं. लक्षात ठेवायला सोपं आहे, बेस अॅक्टिव्ह (आत बॅटरी असलेला) असेल तर पॅसिव्ह डीआय चालतो, बेस पॅसिव्ह असेल तर अॅक्टिव्ह डीआय घ्या, नाहीतर पिकअपवर (तारांचा आवाज पकडणारा भाग) लोड येऊन आवाज बोथट होतो. साउंडवाल्याच्या पेटीत जो डीआय निघतो तो बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त आणि दहा वर्षं आपटलेला असतो, त्याच्यावर विसंबू नका, हे मी कळकळीने सांगतोय.

प्रीअँप डीआय त्याच्या एक पायरी वरचा, त्यात टोनचे नॉब असतात आणि अँपसारखा थोडा करकरीतपणा मिळतो. टेक 21 चा सॅन्सअँप बेस ड्रायव्हर हा यातला सगळ्यांना माहीत असलेला, आणि त्याच वळणावरचा स्वस्तातला म्हणजे बेहरिंगरचा बीडीआय21. स्वस्तातला वाईट नाही, सुरुवातीला मीही तोच वापरला, पण त्याची पेटी प्लॅस्टिकची आहे आणि त्यात मिडचा, म्हणजे मधल्या पट्टीच्या आवाजाचा, नॉब नाही. सॅन्सअँपच्या दुसऱ्या व्हर्जनमध्ये मिड आला आणि मला तो फरक घरी कधी कळला नाही, स्टेजवर पहिल्याच गाण्यात कळला. घरी एकटं वाजवताना बेस आणि ट्रेबल वाढवून मिड कमी केलेला आवाज फार गोड लागतो, पण ड्रम, कीबोर्ड आणि दोन गिटार सुरू झाल्या की तोच आवाज गायब होतो, बोटं फिरताना दिसतात आणि ऐकू काहीच येत नाही. 500 ते 1000 हर्ट्झच्या पट्ट्यात थोडं वाढवलं की बेस पुन्हा पुढे येतो. म्हणून पेडल घेताना मिडचा नॉब आहे का ते आधी बघा, बाकी चमचमाट नंतर.

आता कॉम्बो. याची खरी बाजू छोट्या जागेत दिसते. ठाण्यातला एखादा कॅफे धरा, तीस-चाळीस माणसं, दोन बारा-इंची टॉप (वरचे साधे स्पीकर) स्टँडवर आणि बेस नाही. (आपल्याकडे साउंडवाले सबवूफरलाच बेस म्हणतात, "दोन टॉप दोन बेस" असा रेट सांगतात, त्यामुळे बुकिंगच्या वेळी बेस आहे का विचाराल तर तो स्पीकरबद्दलच उत्तर देईल, तेच हवंय आपल्याला.) बेसची सगळ्यात खालची मोकळी तार, ई, 41 हर्ट्झला वाजते, पाच तारी असेल तर खालचा बी 31 च्या आसपास. गायकासाठी आणलेल्या त्या दोन टॉपना हे झेपत नाही, आणि जबरदस्तीने ढकललंत तर बेस तर येत नाहीच वर गायकाचा आवाजही गढूळ होतो. इथे डीआय कितीही भारी असला तरी उपयोग शून्य, इथे स्वतःचा स्पीकरच लागतो.

पण किती वॉटचा? इथे बहुतेक जण फसतात. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबल वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहा पट वॉट लागतात. म्हणजे 40 ऐवजी 80 वॉटचा घेतला म्हणून फार काही बदललं असं होत नाही, स्पीकरचा आकार आणि संख्या तेवढीच महत्त्वाची. कहोन (बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) आणि अकूस्टिक गिटारसोबत 40 वॉट पुरतात. ड्रमर काठ्यांनी खरा ड्रमसेट वाजवत असेल तर 100 वॉट म्हणजे काठावर पास, आणि पीएचा आधार अजिबात नसेल तर 300 च्या पुढेच बघा. फेंडरचा रम्बल 100 मी मुद्दाम सांगतो कारण तो 10 किलोच्या आसपास आहे, एका हाताने उचलून जिना चढता येतो, बारा इंची स्पीकर आहे आणि मागे एक्सएलआर आउट आहे, म्हणजे मोठ्या जागी गेलात तर तोच मॉनिटर (स्वतःला ऐकायचा स्टेजवरचा स्पीकर) होतो आणि त्याच्यातूनच मिक्सरला लाइन देता येते. त्याच मालिकेतले सगळ्यात छोटे, 15 आणि 25 वॉटचे, यांना ते एक्सएलआर नाही, दुकानात दिसायला सारखेच दिसतात, मागे वळवून बघा.

वजनाला मी इतकं महत्त्व देतोय कारण दादरला संध्याकाळी सहा वाजता लोकलमध्ये अँप घेऊन चढायचं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत, रिक्षावाला डिकीत जागा नाही म्हणतो, ओला-उबरचं भाडं मानधनातून जातं. पेडल बेसच्या बॅगेच्या पुढच्या खिशात मावतं. ज्या पोरांना शोचे दोन-तीन हजार मिळतात त्यांच्यासाठी ही गोष्ट टोनपेक्षा मोठी आहे.

तिसरा पर्याय हेड आणि वेगळं कॅबिनेट. क्लास डीचे (हलक्या प्रकारचे) हेड आता दोन-अडीच किलोत मिळतात आणि 250 ते 500 वॉट देतात, बॅगेत टाका आणि तिथलं कॅबिनेट वापरा. फक्त ओहम बघा, 8 ओहमची दोन कॅबिनेट जोडली की लोड 4 ओहम होतो, हेडवर किमान जेवढं लिहिलंय त्याच्या खाली गेलात तर हेड जळू शकतो, आणि हेड ते कॅबिनेट गिटारची केबल कधीच लावू नका, स्पीकर केबलच लागते. रेग्युलर वाजवणाऱ्याला हा पर्याय चांगला, पहिल्या खरेदीला मी सुचवणार नाही.

आता हमचा, म्हणजे स्पीकरमधून येणाऱ्या घुं आवाजाचा विषय, कारण यात दोघांचा फरक सगळ्यात जास्त जाणवतो. एका तालुक्याच्या गावात गणपतीतला कार्यक्रम होता, लाइट आणि साउंड एकाच जनरेटरवर, अर्थिंगचा पत्ता नाही. मी कॉम्बो स्टेजवरच्या बोर्डाला लावला, मागून एक्सएलआर मिक्सरला, मिक्सर मैदानाच्या मागे दुसऱ्याच बोर्डावर, आणि फेडर वर केला तसा अख्ख्या मांडवात घुंssss. दोन वेगवेगळ्या जागी जमिनीला जोडलं की असा लूप होऊ शकतो. साउंडवाला माझ्या अँपच्या थ्री-पिनची जाडी पिन काढायला निघाला होता, त्याला हात धरून थांबवलं. ती पिन कधीही काढू देऊ नका, कुणीही सांगितलं तरी, बेसच्या तारांना हात आणि माइकला ओठ लागला की शॉक बसतो आणि त्यात लोक गेलेले आहेत. मी अँपचा एक्सएलआर काढून लाइन बॅगेतल्या डीआयमधून दिली, त्याच्यावरचं ग्राउंड लिफ्टचं (केबलमधली जमिनीची जोडणी तोडणारं) छोटं बटण नखाने सरकवलं आणि हम तिथल्या तिथे बंद, मांडवात एकदम शांतता, पुढच्या खुर्चीतल्या आजींनीसुद्धा वर बघितलं. डीआय बॅटरीवर आणि अँपशिवाय चालवत असाल तर असा लूप व्हायला वावच नसतो, कारण तुमच्या बाजूला मेनची वायरच नाही. ज्या गावात वीज कशी असेल माहीत नाही तिथे हा फायदा फार मोठा.

वेळेचंही तसंच. उघड्यावर रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे, सरकारने ठरवून दिलेल्या मोजक्या दिवशीच 12 पर्यंत सूट मिळते. भाषणं लांबली की साउंडचेक पाच मिनिटांचा होतो. डीआय जोडायला एक मिनिट लागतं आणि साउंडवाल्याला सरळ स्वच्छ लाइन मिळते. अँपच्या मागे एक्सएलआर असेल तर तो प्री (टोनच्या नॉबांआधीचा) आहे की पोस्ट (नंतरचा) हेही बघावं लागतं, पोस्टवर असेल तर तुम्ही स्टेजवर बेसचा नॉब फिरवला की बाहेरचा आवाजही फिरतो आणि मागे बसलेला माणूस वैतागतो.

मग डीआयचा तोटा काय? स्वतःला ऐकू येणं. पेडल स्वतः आवाज काढत नाही, तुम्ही पूर्णपणे मॉनिटरवर अवलंबून, आणि मॉनिटरमध्ये गायकाचाच आवाज असतो. छोट्या मिक्सरला दोनच ऑक्स (मॉनिटरला वेगळा आवाज पाठवायच्या वाटा) असतात, त्यातला एक एकोला गेलेला, उरलेला गायकाला. मी अनेक शो नुसतं ड्रमरच्या पायाकडे बघून वाजवलेत, सूर लागतोय की नाही हे बोटांच्या अंदाजावर, आणि ते फार थकवणारं असतं. यावर उपाय म्हणजे वायरवाला इन-इअर (कानात घालायचा मॉनिटर), बेहरिंगरचा पी2 कमरेला लावायचा छोटा डबा आहे, दोन ट्रिपल-ए सेलवर चालतो. ऑक्स मिळाला तर थेट त्यात घ्या. ऑक्स मिळालाच नाही तर डीआयच्या थ्रू जॅकमधून (आलेला सिग्नल तसाच बाहेर देणारा) एक केबल काढून स्वतःच्या पिटुकल्या मिक्सरमध्ये घाला आणि हेडफोनने ऐका, निदान स्वतःचा बेस तरी पक्का ऐकू येतो, एका कानात इअरफोन आणि दुसऱ्या कानाने स्टेज. अँपची पॅन्टला हवा लागते ती मजा यात नाही हे खरं, ड्रमरलाही अँपच्या आवाजाचा आधार वाटतो, ते पेडल देऊ शकत नाही. पण छोट्या स्टेजवर 41 हर्ट्झची लाट आठ मीटरहून लांब असते, कोपऱ्यात ठेवलेला अँप नुसता घुमतो, इन-इअरमध्ये ती भानगड नाही.

फँटमवर मात्र एकट्यावर भरवसा ठेवू नका. बऱ्याच छोट्या मिक्सरला सगळ्या चॅनलचं मिळून एकच फँटमचं बटण असतं आणि साउंडवाला ते दाबायला तयार नसतो. 9 व्होल्टची नवी बॅटरी खिशात, ॲडॅप्टर बॅगेत. बेस अॅक्टिव्ह असेल तर वाजवून झाल्यावर जॅक काढा, जॅक आत असेपर्यंत बेसची बॅटरी चालूच राहते आणि दुसऱ्या दिवशी ऐन स्टेजवर आवाज फाटायला लागतो. एक्सएलआर केबल स्वतःची ठेवा, पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत कनेक्टर आणि वायर घेऊन स्वतः सोल्डर करा, तयारपेक्षा टिकते.

त्या पोराला शेवटी मी त्याचे मागचे शो मोजायला लावले. नऊ झाले होते, सहा कॉलेज आणि मंडळाचे, तीन कॅफेतले. तो मिडवालं पेडल घेतोय, कॅफेसाठी अँप ड्रमरच्या मित्राकडून भाड्याने. रविवारी त्याचा शो आहे, तोपर्यंत माझा डीआय त्याच्याकडे, बॅटरी नवी घालून दिलीय आणि ग्राउंड लिफ्टच्या बटणाशेजारी पांढरी टेप लावलीय, अंधारात सापडावं म्हणून.