स्पोर्ट्स कार, घरची चार माणसं आणि स्टेपनी नसलेली डिकी: सोलापूर ते हंपी

दसऱ्याला पुण्याहून गाडी ताब्यात घेतली, नाताळच्या सुट्टीत हंपीला नेली आणि आता उन्हाळा संपत आला आहे. एवढ्या वापरानंतर लिहितोय. इंजिन, पॉवर, शून्य ते शंभर हे सगळं तुम्ही पाहिलेलंच असेल, त्यामुळे ते परत सांगत नाही. दोन दारं, मागच्या चाकांना पॉवर, मागे दोन लहान सीट, खाली मागे 255/35 आर19 टायर आणि डिकीत स्टेपनी नाही. माझं बहुतेक म्हणणं या शेवटच्या गोष्टीबद्दल आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण आजच्या बऱ्याच स्पोर्ट्स गाड्यांत हेच आहे.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. घरात सगळ्यांना मागच्या सीटची धास्ती होती. "आई बसणार कुठं?" हा पहिला प्रश्न. आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती पुढे बसते. आधी सीटवर आडवं बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, हे तिला लगेच जमलं. सीट खाली असली तरी मांडीखालचा आधार लांब आहे आणि पाठ इतकी नीट धरली जाते की विजापूरपर्यंत तिने एकदाही "जरा थांब रे" म्हटलं नाही. आधीच्या डिझायरमध्ये टाकळीच्या आधीच थांबावं लागायचं. मागे बायको आणि मुलगी. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला जागा भरपूर. बायकोला माझ्या मागे बसून गुडघे थोडे तिरके ठेवावे लागतात, पण तिची खरी तक्रार मागे एसीची झडप नसल्याची आहे. सोलापुरात एप्रिलमध्ये पारा 42 च्या वर जातो तेव्हा ही तक्रार शंभर टक्के खरी ठरते. पुढची हवा मागे पोचायला वेळ लागतो. दुपारी निघायचं असेल तर मी आधी खाली जाऊन गाडी थंड करून ठेवतो.

दारं मात्र फार लांब आहेत. नवी पेठेत किंवा लक्ष्मी मार्केटच्या बाजूला दोन गाड्यांच्या मध्ये लावली की आईला उतरताच येत नाही. तिला आधी उतरवायचं, मग गाडी लावायची. याची सवय होते.

गतिरोधकांबद्दल सगळे विचारतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या, म्हणजे आयआरसीच्या मापाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा. तसा केलेला असेल तर गाडी चार माणसं घेऊनही सरळ जाते. जुळे सोलापूरमधल्या कॉलन्यांत लोकांनी आपापल्या दारासमोर सिमेंटचे अरुंद, टोकदार उंचवटे घातलेत, तिथे तिरकी घ्यावी लागते. पुढच्या बंपरचा खालचा ओठ थोडा घासला आहे. मी त्याचं फार मनावर घेतलेलं नाही.

पहिल्या महिन्यात मित्रांना सांगत होतो की घरच्यांसाठी ही गाडी घ्यायला हरकत नाही. पुणे रोडला सावळेश्वर टोलनंतर रस्ता मोकळा होतो तिथे ही गाडी जशी चालते, तशी दुसरी कुठलीच गाडी मी चालवलेली नाही. ते मत आजही तसंच आहे. बदललंय ते "घरच्यांसाठी" या शब्दाबद्दलचं.

हंपीला जायचा हट्ट आईचा. आमच्या घरी माळ आहे, आणि विजयनगरला गेलेला पांडुरंग भानुदास महाराजांनी, म्हणजे एकनाथ महाराजांच्या पणजोबांनी, पंढरपूरला परत आणला ही गोष्ट तिने लहानपणापासून कीर्तनात ऐकलेली. हंपीच्या विठ्ठल मंदिराचा गाभारा रिकामा आहे. तो तिला एकदा डोळ्यांनी पाहायचा होता. रस्ता सोपा आहे: विजापूर रोडने निघायचं, टाकळीला भीमा ओलांडली की कर्नाटक, विजापूरहून राष्ट्रीय महामार्ग 50, अलमट्टीजवळ कृष्णा, मग हुनगुंद, इलकल, कुष्टगी, होस्पेट. चौपदरी रस्ता, गाडीला अगदी शोभणारा. गोलघुमट मुलीने आधीच पाहिला होता म्हणून थांबलो नाही. इलकलला थांबलो, कारण इरकली साडी घेतल्याशिवाय आई पुढे हलणार नव्हती.

इलकल सोडल्यावर पुलाच्या कामासाठी वाहतूक सर्व्हिस रोडवर वळवली होती. वेग अगदी कमी होता. डांबर आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे एक धारदार कड वर आली होती, मागचं डावं चाक तिच्यावरून गेलं आणि स्क्रीनवर हवेचा आकडा भराभर खाली येताना दिसला. उतरून पाहिलं तर टायरच्या बाजूला उभी चीर.

इथे आकडे समजून घ्या. 255/35 म्हणजे टायरची रुंदी 255 मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या 35 टक्के, म्हणजे जेमतेम 89 मिलिमीटर. आमच्या जुन्या डिझायरच्या 165/80 आर14 टायरची भिंत 132 मिलिमीटर होती. खड्ड्याचा मार झेलायला तिथे रबर आणि हवा दोन्ही जास्त. इथे रिम आणि रस्त्याची कड यांच्यामध्ये टायर चिमटीत सापडतो. असा टायर बाजूने फाटण्याची शक्यता जास्त, आणि नेमक्या त्याच गाडीत कंपनी देते काय, तर द्रावणाची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर. हे द्रावण फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागात खिळा-स्क्रू घुसला तर भोक बुजवतं. बाजूच्या भिंतीला त्याचा काही उपयोग नाही, असं त्या बाटलीवरच छापलेलं आहे. तिला मुदतही असते, संपली की नवी विकत घ्या. शिवाय स्टेपनी नाही म्हणून जॅक नाही, पानाही नाही. कुणी तुम्हाला चाक आणून दिलं तरी ते बसवायची सोय गाडीत नाही.

गाडी घेताना मी हे विचारलं होतं. शोरूममधला मुलगा म्हणाला, "सर, किट आहे ना आणि चोवीस तास रोडसाइड असिस्टन्स आहे." ती मदत कशी मिळाली ते सांगतो. फोन लगेच उचलला. मग त्यांनी जागा विचारली, परत विचारली, दुसऱ्या माणसाने तिसऱ्यांदा विचारली. फ्लॅटबेड हुबळीहून निघेल म्हणाले. गाडी जवळच्या अधिकृत वर्कशॉपलाच नेणार, म्हणजे परत हुबळीला. ड्रायव्हरच्या शेजारी एकालाच बसता येईल. आणि बाकीची माणसं? त्यांच्यासाठी टॅक्सी देऊ, पण गाडी फ्लॅटबेडवर चढल्यानंतर. म्हणजे तोपर्यंत म्हातारी आई आणि लहान मुलगी महामार्गाच्या कडेला उभ्या! हे ऐकून मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

मदत केली ती जवळच्या पंक्चरवाल्याने. आईचं माहेर इंडी तालुक्यातलं, तिचं कन्नड चांगलं. ती त्याला अण्णा म्हणाली, तो तिला अव्वा म्हणाला, आणि पुढची सगळी सूत्रं तिच्या हातात गेली. त्याने चीर पाहून सरळ सांगितलं की इथे प्लग बसत नाही, बसवून देणारा भेटला तर तो फसवतोय. इलकल, बागलकोट, होस्पेट अशा ठिकाणी ओळखीच्या टायरवाल्यांना त्याने स्वतः फोन केले. त्या मापाचा टायर कुठेच नव्हता. सावलीत खाट टाकून दिली, चहा मागवला, पैसे घेतले नाहीत. आईनेच त्याच्याकडून एका इर्टिगाची सोय करवली आणि तिघी होस्पेटला पुढे गेल्या. मी गाडीपाशी थांबलो. फ्लॅटबेड आला तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता.

टायर बेंगळुरूहून हुबळीला यायला मधली सुट्टी आडवी आली. विठ्ठल मंदिर तिघींनी माझ्याशिवाय पाहिलं. पार्किंगपासून बॅटरीच्या गाडीने आत जाऊन, दगडी रथाला हात जोडून आई गाभाऱ्यापाशी बसली. हे मला फोनवर कळलं. ज्या गाडीतून तिला तिथे न्यायचं म्हणून मी इतकी वर्षं पैसे साठवले, ती गाडी त्या वेळी वर्कशॉपच्या आवारात तीन चाकांवर आणि एका ठोकळ्यावर उभी होती. याची भरपाई कुठल्याच बिलात होत नाही.

वर्कशॉपमध्ये वाद झाला. त्यांचं म्हणणं, मागचे दोन्ही टायर बदला, नाहीतर दोन टायरच्या नक्षीच्या खोलीत फरक पडेल आणि मागच्या दोन चाकांना पॉवर वाटून देणाऱ्या डिफरन्शियलवर ताण येईल. तत्त्व बरोबर आहे, पण फरक किती हे मोजायला नको? मी तिथेच गेज मागून घेतला आणि चांगल्या टायरची खोली मोजायला लावली. फरक मॅन्युअलमधल्या मर्यादेत निघाला. एकच टायर घेतला, आणि भिंतीवरचे चार आकडे पाहूनच घेतला: पहिले दोन म्हणजे टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. तुम्हीही पाहा, महाग टायर जुनाही असू शकतो.

विम्याचं म्हणाल तर साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत नुसता टायर फाटला तर काही मिळत नाही. गाडीलाही त्याच वेळी नुकसान झालं तरच, आणि तेव्हाही टायरच्या किमतीच्या 50 टक्केच. टायरचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. 20 लाखांवरच्या पेट्रोल गाडीला आपण महाराष्ट्रात 13 टक्के एकरकमी कर भरतो, त्यापुढे हा हप्ता किरकोळ आहे.

कंपनीला सविस्तर मेल केला. उत्तर आलं की गाडी नियमानुसार आहे. नियम मलाही माहीत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2020 मध्ये दुरुस्ती झाली: गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनीची सक्ती नाही. जागा वाचावी, इलेक्ट्रिक गाड्यांत मोठी बॅटरी बसावी असा त्यामागचा विचार. पण सक्ती नाही म्हणजे बंदीही नाही. पैसे घेऊन ॲक्सेसरी म्हणून तरी द्या! ज्या देशात त्या मापाचा टायर मोठी शहरं सोडली तर रस्त्यात सहज मिळत नाही, तिथे द्रावणाची बाटली ही तोडगा म्हणून देणं मला मान्य नाही.

शेवटी माझी सोय मीच केली. पुढचे टायर 225/40 आर19, मागचे 255/35 आर19. रुंदी वेगळी असल्यामुळे एक स्टेपनी दोन्हीकडे चालणार नाही असं मला सगळ्यांनी सांगितलं. गणित करून पाहा (19 म्हणजे रिमचा व्यास इंचांत, त्यात भिंतीची उंची दोनदा मिळवायची): पुढच्या टायरचा बाहेरचा व्यास साधारण 663 मिलिमीटर येतो आणि मागच्याचा 661. म्हणजे त्याच व्यासाचं एक अरुंद, तात्पुरतं वापरायचं स्पेस सेव्हर चाक दोन्हीकडे लागतं. पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), मधलं भोक, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) आणि मुख्य म्हणजे ब्रेक कॅलिपरला घासत नाही ना, हे चारही प्रत्यक्ष चाक बसवून तपासलं. त्यावर 80 च्या पुढे जायचं नाही आणि जवळच्या मोठ्या शहरापर्यंतच जायचं. बरोबर कमी उंचीचा जॅक, पाना आणि कुलूपवाल्या नटाची चावी. ही चावी कुठे आहे ते आधी शोधून ठेवा. ती नसेल तर चाक निघतच नाही.

डिकी निम्मी संपली. चार माणसांच्या दोन रात्रींच्या कपड्यांपलीकडे काही मावत नाही, आणि कडक भाकऱ्यांचा डबा आता बायकोच्या पायाशी असतो. तिने तक्रार केलेली नाही. इलकलच्या रस्त्यावर तीही उभी होती.

अजून एक. आपल्या उन्हात दुपारी टायरमधली हवा दर पाच-सहा अंशांना साधारण 1 पीएसआयने वाढते. आकडा वाढलेला पाहून पंपावरचा पोरगा हवा काढायला लागतो, काढू देऊ नका. पहाटे गार टायरवर मोजा. हवा कमी असेल तर ही बारीक भिंत अजून लवकर फाटते.

गाडी विकणार नाही. त्यानंतर अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर सगळं त्याच गाडीने झालं आणि आईला आता दुसऱ्या गाडीत बसायला आवडत नाही. मात्र कुणी घरच्यांसाठी म्हणून विचारलं तर मी पहिलं हेच सांगतो की टेस्ट ड्राइव्हच्या आधी डिकीतला गालिचा उचलून बघा, खाली चाकाची जागा आहे की नुसता थर्माकोल. इर्टिगाचं भाडं अजून मिळालेलं नाही. "टॅक्सी आमच्यामार्फत घेतलेली नव्हती" असं उत्तर आलंय. दुसरा मेल गेल्या आठवड्यात पाठवला, त्याला माझ्या फोनच्या कॉलची वेळ आणि फ्लॅटबेड पोचल्याच्या पावतीवरची वेळ जोडली आहे.