लडाखच्या खडकावरच्या लायकेनचे नमुने काढायला छिन्नी: काम चोख, धार जपा

पातं २५ मिमी रुंद, वर रबरी हातकवच. लायकेन म्हणजे बुरशी आणि शैवाल एकत्र राहून बनलेली वाढ. ग्रॅनाइटला चिकटलेली पापुद्र्यासारखी लायकेन काही मसाल्यातल्या दगडफुलासारखी नखाने सुटत नाहीत, कपचीसकटच काढावी लागतात. त्यासाठी ही छिन्नी उत्तम. नैसर्गिक भेग शोधा, पातं ३० अंशांच्या आसपास तिरकं टेकवा आणि ८०० ग्रॅमच्या हातोडीने हलके ठोके द्या. काटकोनात मारलं की कपची उडते, नारिंगी पापुद्र्याचा भुगा होतो. पानांसारख्या जाती तिथल्या कोरड्या हवेत कुरकुरीत झालेल्या असतात. त्यांच्यावर आधी पाण्याचा फवारा मारा, काही मिनिटांत मऊ पडतात.

तक्रार धारेची. ग्रॅनाइटवर लवकर बोथट होते, आणि ग्राइंडरवर निळी पडेपर्यंत तापवली तर पोलादाचं पाणीच उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. घासताना मधेमधे पाण्यात बुडवा.

सोबतच्या प्लास्टिक पिशव्या मात्र बिनकामाच्या: ओल कोंडून बुरशी धरते. कागदी पाकीटच वापरा; त्यावर उंची, अक्षांश-रेखांश, खडकाचा प्रकार, उताराची दिशा आणि तारीख जागेवरच लिहा, तीही पेन्सिलीने. फवाऱ्याचे थेंब शाईवर पडले की संपलं. कपच्यांपासून डोळे वाचवणारा चष्मा संचात नाही, वेगळा घ्यावा लागतो. पाचपैकी चार.