नाव तेच, संच नवा: कोणत्या म्हाताऱ्या बँडचं तिकीट काढावं?

'गन्स अँड रोझेस' मुंबईत दोनदा वाजवून गेले. एकदा 2012 च्या डिसेंबरात आणि मग 2025 च्या मे महिन्यात महालक्ष्मी रेसकोर्सवर. पोस्टरवर नाव एकच. पण 2012 साली ज्यांनी पैसे मोजले त्यांना 1987 च्या 'ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' या अल्बममधला एकटा गायक ॲक्सल रोझ बघायला मिळाला. गिटारवर डीजे ॲश्बा, बंबलफुट आणि रिचर्ड फोर्टस असे तिघे होते, तिघेही तयारीचे. 2025 ला जुना गिटारवाला स्लॅश आणि बासवाला डफ मॅकेगन परतलेले होते. त्या अल्बमवरचे बाकीचे दोघे, इझी स्ट्रॅडलिन आणि स्टीव्हन ॲडलर, दोन्ही खेपेला नव्हते.

माझं मत विचाराल तर ॲक्सलचा आवाज 2012 मध्ये जास्त शाबूत होता. 2025 पर्यंत वरच्या पट्टीत तो पार पातळ झाला. तरी दोन्हींतला एकच कार्यक्रम निवडायचा असता तर मी दुसराच निवडला असता. 'नोव्हेंबर रेन'मधला सोलो त्या तिघांपैकी कोणीही बिनचूक वाजवेल, पण त्यात स्लॅश ज्या जागा घेतो त्या त्याच्याच. म्हणून 'मूळचे किती उरले' अशी डोकी मोजण्यात अर्थ नाही. गेलेल्या माणसाकडे गाण्यातलं नेमकं काय होतं, हे आधी बघायचं. गळा, हात, की चाली बांधणारं डोकं?

दुसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत 'नव्या संचात' असं छापतात. ज्याला जुना संचच हवा होता तो घरी बसतो, बाकीचे जाणून-बुजून तिकीट काढतात. रॉक बँडच्या धंद्यात ही पद्धत जवळजवळ नाहीच. एक मोठा अपवाद आहे, त्याच्यापासून सुरुवात करू.

क्वीन की डीप पर्पल?

क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी 24 नोव्हेंबर 1991 ला वारला. झांजिबारमध्ये जन्मलेला, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला, तिथेच 'द हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो बडवणारा फारुख बलसारा. त्यामुळे महाराष्ट्रातल्या क्वीनप्रेमींचा त्याच्यावर जरा जास्तच हक्क. बास वाजवणारा जॉन डीकन 1997 नंतर कायमचा बाजूला झाला. उरले गिटारवर ब्रायन मे आणि ड्रमवर रॉजर टेलर. आधी पॉल रॉजर्सला घेऊन त्यांनी 2008 मध्ये एक अल्बम काढला, तो फारसा कोणाच्या लक्षात नाही. मग अमेरिकेतल्या गाण्याच्या टीव्ही स्पर्धेतून आलेला ॲडम लॅम्बर्ट भेटला आणि 2012 पासून त्याच्यासोबत दौरे सुरू झाले.

नाव कसं लावलं बघा: 'क्वीन + ॲडम लॅम्बर्ट'. हेच ते 'नव्या संचात'. त्या अधिकच्या चिन्हात सगळं सांगून झालं. लॅम्बर्टही फ्रेडीची नक्कल करत नाही. गळा कमालीचा तयार आहे, नखरा स्वतःचा आहे, आणि फ्रेडीची जागा घ्यायला आपण आलेलो नाही हे तो मंचावरून स्वतःच सांगतो. 'लव्ह ऑफ माय लाइफ'ला ब्रायन मे एकटा गिटार घेऊन पुढे बसतो, शेवटी पडद्यावर फ्रेडी येतो आणि लोक रडतात. मला ही युक्ती थोडी जास्त साखर घातल्यासारखी वाटते, पण प्रत्यक्ष गेलेले कोणी तक्रार करत नाहीत.

उणीव दुसरीकडे आहे. लॅम्बर्टबरोबर या मंडळींनी नव्या गाण्यांचा एकही स्टुडिओ अल्बम केलेला नाही. कार्यक्रम म्हणजे गाजलेल्या गाण्यांची सुरेख सजवलेली आरास. गाणी अमर आहेत, वाजवणारे दोघे अस्सल आहेत, पण वाढ थांबलेली आहे. फ्रेडीकडे गळाही होता आणि चालीही. गळ्याची सोय लागली, चालींची लागली नाही.

डीप पर्पलची गोष्ट बरोबर उलटी. 1968 साली इंग्लंडमध्ये जमलेल्या पहिल्या पाचांपैकी आज फक्त ड्रमर इयन पेस उरलाय. ज्यांना आपण 'ओरिजिनल' समजतो ते गायक इयन गिलन आणि बासवाले रॉजर ग्लोव्हर मुळात 1969 चे बदली खेळाडू! रॉड इव्हान्स आणि निक सिंपर यांना काढून त्यांना घेतलं आणि त्यानंतर 'इन रॉक' हा अल्बम आला, 1972 मध्ये 'मशीन हेड' आला. पुढे हे दोघेही बँड सोडून गेले, डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज आले, 'बर्न' हा अल्बम झाला. 1976 ला दुकान बंद, 1984 ला परत उघडलं. म्हणजे माणसं बदलणं हाच या बँडचा स्वभाव.

सर्वांत मोठा धक्का 1993 ला बसला. गिटारवाला रिची ब्लॅकमोर भर दौऱ्यात निघून गेला. उरलेले कार्यक्रम जो सॅट्रियानीने निभावले आणि 1994 मध्ये स्टीव्ह मोर्स आला. 1995 च्या एप्रिलमध्ये हा बँड मुंबईत वाजला तेव्हा मोर्स अगदी नवखा होता आणि ब्लॅकमोर नाही म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ होते. तो 'तात्पुरता' मोर्स 28 वर्षं टिकला. ब्लॅकमोरची दोन्ही पर्वं मिळून जेमतेम सोळा-सतरा वर्षं भरतात. 2022 मध्ये पत्नीच्या आजारपणामुळे मोर्स थांबला, मग बेलफास्टचा सायमन मॅकब्राइड आला. ऑर्गनवरचा जॉन लॉर्ड 2002 मध्ये स्वतःहून निवृत्त झाला आणि त्याची जागा डॉन एअरीने घेतली. लॉर्ड 2012 साली वारला, पण त्याआधीच दहा वर्षं सत्तांतर झालेलं होतं, तेही कोर्टकचेरी न करता.

काय गेलं? लॉर्डचं ऑर्गन आणि ब्लॅकमोरची गिटार एकमेकांवर धावून जायचे, ती खुन्नस गेली. 'मेड इन जपान' हा त्यांचा मैफलीतला अल्बम ऐकलेल्या माणसाला ती उणीव पहिल्या पाच मिनिटांत कळेल. गिलनचा किंचाळणारा वरचा सूरही गेलाय. 'चाइल्ड इन टाइम' त्याने कित्येक वर्षांपूर्वी शहाणपणाने बाजूला ठेवलं. पण पेसचा झुलता ठेका आहे तसा आहे. त्याच्याशिवाय 'हायवे स्टार' धावलं नसतं असं मला कायम वाटत आलंय. आणि मुख्य म्हणजे गाणी बनणं थांबलेलं नाही. 2024 मध्ये '=1' हा अल्बम आला आणि कार्यक्रमात त्यातली गाणी 'स्मोक ऑन द वॉटर'च्या शेजारी बसून वाजली.

एवढं लक्षात ठेवा: सोबत ज्याला रॉक फारसा माहीत नाही अशी व्यक्ती असेल, बायको किंवा नवरा किंवा लंडनला शिकणारी लेक, तर क्वीन. सगळी गाणी तोंडपाठ असतात, डोळ्यांना मेजवानी असते. फक्त 2024 च्या जपान दौऱ्यानंतर त्यांचं वेळापत्रक विरळ झालंय, त्यामुळे संधी मिळेलच असं नाही. स्वतःसाठी जायचं असेल आणि चालू असलेला बँड ऐकायचा असेल तर पर्पल, बिनदिक्कत.

हुबेहूब गळा

जर्नी या अमेरिकन बँडने तिसराच रस्ता धरला. गायक स्टीव्ह पेरी बँड सोडून गेल्यावर वर्षानुवर्षं गळ्याचा शोध चालला. 2007 मध्ये गिटारवाला नील शॉन याने यूट्यूबवर मनिलातल्या एका कव्हर बँडचा, म्हणजे दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्या बँडचा, गायक ऐकला: आर्नेल पिनेडा. पेरीच्या इतका जवळचा आवाज की डोळे मिटले तर फरक करणं अवघड. पिनेडाची कष्टातून वर आल्याची गोष्ट कोणालाही आवडावी अशीच आहे. पण ऐकणारा म्हणून मी लॅम्बर्टकडे झुकतो. हुबेहूब आवाज आला की मन आपोआप तुलना करत बसतं, आणि त्या तुलनेत जिवंत माणूस नेहमी रेकॉर्डकडून हरतो.

येस: नाव एकीकडे, गळा दुसरीकडे

इथे निवड खरोखर तुमच्या हातात आहे, कारण दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तिकिटांवर मिळतात.

येस 1968 मध्ये लंडनला सुरू झाला. गायक जॉन अँडरसन आणि बासवाला ख्रिस स्क्वायर हे त्याचे दोन खांब. 2008 मध्ये अँडरसन श्वसनाच्या आजाराने पडला आणि बाकीच्यांनी थांबायचं सोडून येसचीच गाणी वाजवणाऱ्या एका ट्रिब्यूट बँडचा गायक उचलला. अँडरसन परत आत आलाच नाही. 2012 पासून जॉन डेव्हिसन गातो. तोही ट्रिब्यूट बँडमध्ये गायलेला. 2015 मध्ये स्क्वायर गेला, 2022 मध्ये ड्रमर ॲलन व्हाइट. आज 'येस' नाव चालवतो तो गिटारवादक स्टीव्ह हाव, आणि तो 1970 मध्ये आलेला. म्हणजे संस्थापक एकही नाही.

दुसऱ्या बाजूला अँडरसन, वयाची ऐंशी ओलांडलेला, अमेरिकेतल्या 'द बँड गीक्स' या तरुण मंडळींना घेऊन तीच गाणी गातो. 2024 मध्ये त्यांच्यासोबत 'ट्रू' नावाचा अल्बमही काढला. त्याचा गळा अजून वर जातो, हे मला न उलगडलेलं कोडं आहे.

कोणाकडे जायचं? हावची गिटार हे येसच्या संगीताचं अर्धं व्याकरण आहे, त्यामुळे नावाचा बँड पोकळ म्हणता येणार नाही. पण 'क्लोज टू द एज'सारखी अठरा मिनिटांची रचना हळूहळू, काहीशी सावधपणे वाजते. बँड गीक्सची मुलं ती गाणी लहानपणापासून भक्तिभावाने पाठ केल्यासारखी वाजवतात आणि लय ढिली पडू देत नाहीत. मी अँडरसनकडे जाईन. पोस्टरवर 'येस' लिहिलेलं नसेल, चालेल.

जिथे कोणीच उरलं नाही

फॉरेनर 1976 चा. संस्थापक मिक जोन्स पार्किन्सन्समुळे दौऱ्यावर येत नाही, मूळ गायक लू ग्रॅम एरवी बँडमध्ये नसतो. 2005 पासून गाणारा केली हॅन्सनसुद्धा 2025 मध्ये बाहेर पडला. म्हणजे आता बदलीचीही बदली. सगळं जोन्सच्या संमतीने चाललंय, वादक उत्तम आहेत. पण बहुतेक रात्री मंचावरच्या कोणाचाही त्या जुन्या रेकॉर्डशी संबंध नसतो. फुकट पास मिळाला तर जा.

लिनर्ड स्किनर्डला मी याच रांगेत बसवत नाही. 20 ऑक्टोबर 1977 च्या विमान अपघातात या बँडचा गायक रॉनी व्हॅन झँट, स्टीव्ह गेन्स आणि कॅसी गेन्स गेले. दहा वर्षांनी रॉनीचा धाकटा भाऊ जॉनी गायला उभा राहिला आणि तेव्हापासून तोच गातो. शेवटचा मूळ सदस्य गॅरी रॉसिंग्टन मार्च 2023 मध्ये वारला. कागदावर स्थिती फॉरेनरसारखीच. पण जॉनीने मोठ्या भावाच्या हयातीपेक्षा जास्त वर्षं ही गाणी गायली आहेत, आणि अमेरिकेच्या दक्षिणेत लोक तिथे बँड बघायला कमी, आपल्या भागाचा वार्षिक उरूस साजरा करायला जास्त जातात. फ्लोरिडा किंवा जॉर्जियात राहणाऱ्या मराठी माणसाने एकदा ती गर्दी बघावी. तेवढ्यासाठी मुंबईहून विमान पकडू नये.

रोलिंग स्टोन्सबद्दल लांबण लावत नाही. 2003 च्या एप्रिलमध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर ज्यांनी चार्ली वॉट्सला ड्रमवर पाहिलं ते नशीबवान. तो 2021 मध्ये गेला, त्याच्या जागी आलेला स्टीव्ह जॉर्डन जास्त जोरकस वाजवतो, पण जॅगर आणि रिचर्ड्स दोघे उभे आहेत तोवर हा प्रश्न त्यांना लागू होत नाही. अडचण फक्त तिकिटाच्या किमतीची.

आणि इंडियन ओशन

व्हिसा, विमान, हॉटेल यांचा हिशेब करून दमला असाल तर जवळचा पर्याय हा. दिल्लीत 1990 मध्ये सुश्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी सुरू केलेला बँड. असीम 2009 च्या डिसेंबरात गेला, सुश्मित 2013 मध्ये बाहेर पडला. दोन्ही संस्थापक नाहीत. वरच्या फॉरेनरच्या न्यायाने हे तिकीट टाळायला हवं, पण इथे तो न्याय लागत नाही. राहुल राम 1991 पासून आणि अमित किलम 1994 पासून आहेत. 'कंदीसा' हा गाजलेला अल्बम ज्यांनी घडवला त्या चौघांपैकी हे दोघे.

असीम तबला वाजवता वाजवता गायचा. ते दोन्ही एका माणसात पुन्हा सापडणार नाही हे ओळखून त्यांनी दोन माणसं घेतली, गायला हिमांशू जोशी आणि तबल्यावर तुहीन चक्रवर्ती. गिटारवर निखिल राव आला. सुश्मितची ती खास लखलखती गिटार आता नाही, आणि 'माँ रेवा' हे नर्मदेवरचं गाणं ऐकताना ती आठवतेच. पण राहुल राम नर्मदा आंदोलनात राहिलेला माणूस आहे. ते गाणं त्याच्या तोंडून ऐकताना नंदुरबारकडच्या वाचकाला वेगळं काही सांगायला नको. 2023 मध्ये 'तू है' हा नवा अल्बमही आला. पुण्या-मुंबईत ते येत असतात आणि तिकीट परवडतं.

जाता जाता व्यवहाराचं. तिकीट काढण्याआधी पोस्टर बघू नका, त्या बँडचे गेल्या दोन-तीन महिन्यांतले प्रेक्षकांनी टाकलेले व्हिडिओ बघा. मंचावर कोण आहे आणि कोणत्या पट्टीत गातंय ते लगेच कळतं. 'निरोपाचा दौरा' या शब्दाला भुलू नका. द हू यांनी पहिला निरोप 1982 मध्ये घेतला आणि 2025 मध्ये पुन्हा घेतला. स्कॉर्पियन्सनी 2010 मध्ये घेतला आणि मग विसरून गेले. घाई करायचीच तर जन्मसालाकडे बघून करा. पेस 1948 चा, हाव 1947 चा, गिलन 1945 चा. अँडरसन 1944 चा आहे, म्हणून पर्पल कितीही आवडत असले तरी पहिलं तिकीट त्याचं काढा.