उरलेल्या लोकरीची फुलं: सपाट फूल की गुंडाळलेला गुलाब?

नवशिक्यांनी सुरुवात सपाट फुलानेच करावी. ४ मिमीची क्रोशाची सुई, साधारण २-३ मीटर धागा. ५ साखळ्या जोडून कडं करा. मग कड्यातच २ साखळ्या, २ खांब (सुईवर वेढा घेऊन विणलेला उंच टाका), २ साखळ्या आणि स्लिप स्टिच (धागा थेट ओढून घेऊन जोडणारा टाका), अशी एक पाकळी. अशा पाच झाल्या की फूल तयार! मधे भोक दिसतंच. ते नको असेल तर मणी किंवा बटण शिवा. पाकळ्या आत वळल्या तर टाके घट्ट पडलेत, अर्धा मिमी मोठी सुई घ्या.

गुलाबाला ४-५ मीटर लागतो. ३८ साखळ्या घाला, सुईपासून दुसऱ्या साखळीत मुका खांब (वेढा न घेता विणलेला आखूड टाका). पुढे २ सोडा, एकीत ५ खांब, २ सोडा, एक मुका खांब, असं सहा वेळा. शेवटी शिवायला ३० सेंमी धागा राखा. पट्टी गुंडाळताना बुडाची कड एका पातळीत ठेवा आणि प्रत्येक थरातून टाका घ्या. नुसतं बाहेरून शिवलं की मधला भाग निसटून वर येतो. नवशिक्यांचं चुकतं ते बहुधा इथेच, विणण्यात नाही.

धाग्याचा तुकडा अपुरा असेल तर सपाट फुलात पाकळ्यांसाठी रंग बदलता येतो, गुलाबात गाठी फुगतात.

मुंबईच्या पावसाळ्यात सुती गुलाब आतून लवकर वाळत नाही, कुबट वास धरतो. दारावरच्या तोरणाला म्हणून अ‍ॅक्रिलिकची सपाट फुलं बरी. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री मात्र टेकवू नका, धागा कायमचा चपटा होतो. केसांच्या क्लिपला गुलाबच शोभतो.