लेकीचा एक्स्पांडर: 28 वळणं आणि सहा महिने

तोंड मिटलं की माझ्या 9 वर्षांच्या लेकीची हनुवटी डावीकडे सरकायची. आधी लक्षात आलं ते आजीच्या. पहिल्या डॉक्टरांनी "सगळे दुधाचे दात पडू देत, मग बघू" म्हणून परत पाठवलं. त्यात एक वर्ष गेलं, त्याची चुटपुट अजून आहे.

दुसऱ्या क्लिनिकमधल्या ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात-जबडे सरळ करणाऱ्या डॉक्टर) मॅडमनी प्लास्टरच्या साच्यावर बोट ठेवून दाखवलं: वरचा जबडा अरुंद, डावीकडच्या वरच्या दाढा खालच्यांच्या आत, म्हणून चावताना जबडाच बाजूला जातो. टाळूच्या मधोमध हाडांची शिवण असते. लहानपणी ती सुटी असते, वयात येताना सांधत जाते. मग नुसत्या स्क्रूच्या यंत्रानं जबडा रुंद होणं कठीण.

हायरॅक्स एक्स्पांडर, म्हणजे वरचा जबडा हळूहळू रुंद करणारं, मधोमध स्क्रू असलेलं यंत्र, दाढांना सिमेंटनं बसवलं. रोज रात्री स्क्रूच्या भोकात किल्ली घालून एक वळण, म्हणजे पाव मिलिमीटर. किल्लीला दोरा बांधून तो मनगटाला गुंडाळायचा, घशात जायची भीती नको. किल्ली पुढून मागे पूर्ण ढकलायची. मी एकदा अर्धवट सोडली, तर दुसऱ्या रात्री भोकच सापडेना! हे पहिल्या दिवशी लिहून द्यायला हवं होतं, तोंडी सांगितलेलं घरी येईपर्यंत विसरलं. एवढीच माझी तक्रार.

वळण दिल्यावर नाकाच्या वर पाच मिनिटं दाब वाटायचा, रडारड नाही. पहिला आठवडा लाळ आणि 'ळ' यांचाच. जीभ टाळूला टेकेना, त्यामुळे 'बाळ', 'केळं' सगळं बोबडं. वर्गात कविता म्हणायची वेळ आली तेव्हा तिच्या बाईंनी फार समजून घेतलं. पोहे स्क्रूत अडकायचे, ते सुईविना सिरिंजनं पाणी मारून काढायचे.

तिसऱ्या आठवड्यात पुढच्या दोन दातांत मोठी फट पडली. नातेवाईक घाबरले, मी नाही. शिवण उघडल्याची ती खूण, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. तीन-चार महिन्यांत ती आपोआप मिटली. 28 वळणांनंतर स्क्रू बंद केला, पण यंत्र सहा महिने तोंडातच. मोकळ्या झालेल्या जागेत हाड भरायला तेवढा वेळ लागतो. घाई करणाऱ्या पालकांनी हे आधी ऐकून घ्यावं.

मला सर्वांत आवडला तो मॅडमचा स्पष्टपणा. यानं खालचा जबडा रुंद होत नाही, पुढे ब्रेसेस लागू शकतात, आणि घोरणं थांबेल अशी हमी नाही, हे त्यांनी फी सांगायच्या आधी सांगितलं. आता यंत्र काढून दोन महिने झाले. हनुवटी मध्यावर आहे, रात्री रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारी पट्टी) लावते.