दोन देशांचा एकच अर्ज: जॉइंट रिसर्च ग्रँटला अप्लाय करायचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

कला आणि मानव्यविद्यांसाठी जे जॉइंट इंटरनॅशनल कॉल (अर्ज मागवायच्या घोषणा) निघतात, म्हणजे दोन देशांतल्या टीमनी मिळून एकच प्रपोजल द्यायचं आणि प्रत्येक देशाची संस्था आपापल्या माणसांना पैसे देणार, तसल्या एका कॉलला आम्ही दोनदा अप्लाय केलं. पहिल्यांदा नाही मिळालं, दुसऱ्यांदा मिळालं. कॉलचं नाव देत नाही कारण खाली तक्रारीही आहेत. कोणाच्या डोक्यात असं काही घोळत असेल तर उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी आमचा विषय सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. काम एका जुन्या पत्रव्यवहाराचं आहे, पत्रं एका देशातल्या आर्काइव्हमध्ये आणि त्यांची उत्तरं दुसऱ्या देशातल्या. म्हणजे फोनवर बोलणाऱ्या एकाचंच बोलणं ऐकू यावं तसं दोन्हीकडचे लोक वर्षानुवर्षं अर्धंच वाचत होते. माझ्याकडच्या एका पत्रात "तुम्ही पाठवलेली यादी चुकीची आहे" एवढंच वाक्य होतं, कसली यादी, कोणी केली, काही पत्ता नाही, आणि ती यादी निघाली तिकडच्या सहकाऱ्याच्या फोल्डरमध्ये! पुस्तकांची यादी, आणि समासात पेन्सिलने सात ठिकाणी फुल्या. व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघांनी आपापला कागद कॅमेऱ्यासमोर धरला आणि तिथेच ठरलं की हे एकट्याने व्हायचं नाही.

आता या सर्व्हिसमधली सगळ्यात चांगली गोष्ट, लीड एजन्सी. आधी काय व्हायचं की दोन देशांच्या संस्थांकडे दोन वेगळे अर्ज, दोन वेगळे रिव्ह्यू, आणि एकीने हो म्हटलं नि दुसरीने नाही म्हटलं की सगळंच बारगळलं, याला हे लोक डबल जेपर्डी म्हणतात. लीड एजन्सी पद्धतीत एकच संस्था अर्ज घेते आणि तपासते, दुसरी तिचा निकाल मानते आणि आपल्या बाजूचे पैसे देते. युरोपात २०२० पासून वीव्ह नावाची व्यवस्था याच तत्त्वावर चालते. दोनपेक्षा जास्त देश एकत्र आणायचे प्रयत्न त्याच्याही आधीचे, २००९ मध्ये डिगिंग इनटू डेटा नावाचा कॉल निघाला तेव्हा अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा मिळून चार संस्था होत्या, आणि हेरा ही युरोपातली मानव्यविद्यांना पैसे देणाऱ्या संस्थांची जोडणी तर एकेक थीम घेऊन कॉल काढायची, कल्चरल एन्काउंटर्स, युझेस ऑफ द पास्ट, पब्लिक स्पेसेस वगैरे. पण थीमवाल्या कॉलमध्ये आपला विषय ओढूनताणून थीममध्ये बसवावा लागतो, आमच्यासारख्यांना खुला कॉलच बरा असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्या वेळी का नाही मिळालं? रिव्ह्यूअरने, म्हणजे अर्ज तपासणाऱ्या तज्ज्ञाने, लिहिलं होतं की हे दोन चांगले प्रोजेक्ट आहेत जे शेजारी शेजारी ठेवलेत. वाचून फार लागलं, पण खरं होतं. आम्ही कामाची वाटणीच तशी केली होती, पहिलं वर्क पॅकेज (कामाचा एक ठरलेला भाग) माझं, दुसरं सहकाऱ्याचं, तिसऱ्यात एक कॉन्फरन्स आणि शेवटी एक संपादित पुस्तक. त्यातली एक टीम काढून टाकली असती तरी दुसरीचं काम अडलं नसतं. दुसऱ्या वेळी ते सगळं मोडलं. पहिल्याच पानावर ते पत्र आणि ती यादी अशी जोडी ठेवली, प्रत्येक वर्क पॅकेजला दोन्हीकडचा एकेक माणूस जबाबदार धरला, आणि दोन्हीकडच्या रिसर्च असिस्टंटनी सहा-सहा महिने समोरच्या आर्काइव्हमध्ये बसायचं असं लिहिलं. जॉइंट म्हणजे नक्की काय ते मला त्या एका शेऱ्यामुळे कळलं, म्हणून रिव्ह्यूच्या दर्जाला पूर्ण मार्क. रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांना उत्तर द्यायला वेळ मात्र फार कमी देतात, तेवढे दिवस कॅलेंडरमध्ये आधीच मोकळे ठेवा.

बजेट. इथेच घोडं पेंड खातं. प्रपोजल एक असलं तरी हिशेबाचे नियम दोन असतात. ब्रिटनची एएचआरसी आणि जर्मनीची डीएफजी या संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थांचं बघा, एएचआरसीकडे प्रोजेक्टचा पूर्ण खर्च काढायचा, त्यात युनिव्हर्सिटीची इमारत, वीज, प्रोफेसरचा वेळ सगळं धरायचं आणि त्याच्या ८० टक्के मिळतात, उरलेले युनिव्हर्सिटीने घालायचे. डीएफजीकडे प्रत्यक्ष खर्च मागायचा आणि त्यावर २२ टक्के ओव्हरहेड (संस्थेच्या वरखर्चासाठी) वेगळा मिळतो, पण कायम नोकरीत असलेल्या प्रोफेसरच्या पगाराला पैसे नाहीत. त्यामुळे सारखंच काम करणाऱ्या दोन माणसांचे आकडे शेजारी ठेवले की एकाचं प्रोजेक्ट दुसऱ्यापेक्षा कितीतरी महाग दिसतं. आम्हालाही असाच फरक नडला. शेवटी आम्ही समर्थनाच्या कागदात पैशांऐवजी कोण किती महिने काम करणार याचा तक्ता दिला, तो दोन्हीकडच्या ऑफिसला लगेच कळला. तुमच्या रिसर्च ऑफिसची आतली डेडलाइन कॉलच्या डेडलाइनच्या बरीच आधी असते हेही लक्षात ठेवा, सह्या तिथूनच व्हायच्या असतात.

कॉपीराइटचं कोणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगते. पत्राचा कागद ज्याला पत्र आलं त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि नंतर त्याच्या वारसांचा. वर देशागणिक मुदत वेगळी. जर्मनीत लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, आणि ब्रिटनमध्ये जुन्या अप्रकाशित लिखाणाला, लेखक १९६९ च्या आधी वारलेला असला तरी, बहुतेक वेळा २०३९ संपेपर्यंत संरक्षण आहे. म्हणजे पत्र ऑनलाइन टाकता येतं आणि त्याचं उत्तर टाकता येत नाही असं होऊ शकतं! पहिल्या अर्जात आम्ही "सर्व सामग्री खुली उपलब्ध करू" असं सरळ लिहून मोकळे झालो होतो. दुसऱ्यांदा डेटा मॅनेजमेंट प्लॅनमध्ये, म्हणजे सामग्री कशी ठेवणार आणि दाखवणार त्या भागात, दोन्ही आर्काइव्हच्या माणसांना घेऊन एकेक गठ्ठा बघितला, कुठला स्कॅन दाखवता येईल, कुठल्याची फक्त नोंद देता येईल. तीन आठवडे गेले त्यात पण मला हे काम प्रपोजलमधलं सगळ्यात प्रामाणिक काम वाटतं.

एक स्टार कापला तो पोर्टलसाठी. मुख्य अर्जदाराचं अकाउंट व्हेरिफाय व्हायला दिवस लागतात हे कॉलच्या पानावर कुठेतरी खाली बारीक अक्षरात होतं. मजकूर चिकटवला की लिप्यंतराच्या अक्षरांवरच्या रेघा आणि खालचे टिंब उडून जागोजागी चौकोन यायचे, ते एकेक करून दुरुस्त केले, आणि कॅरेक्टर लिमिटमध्ये स्पेसही मोजल्या जातात त्यामुळे वर्डमध्ये बसलेला परिच्छेद तिथे बसेना. भाषा आणि लिप्यांवर काम करणाऱ्यांसाठी असलेल्या फॉर्मने एवढं तरी सांभाळायला हवं, याचा मला मनापासून राग आहे आणि फीडबॅकमध्ये मी ते लिहिलंय. हेल्पडेस्कवरच्या बाई मात्र फार चांगल्या, त्यांनी पीडीएफ जोडायचा मार्ग सांगितला. आणि डेडलाइनची वेळ कुठल्या देशाची आहे ते बघा, आमच्या दोघांच्या घड्याळात एक तासाचा फरक, त्यावरून शेवटच्या दिवशी जीव टांगणीला लागला होता.

मग अप्लाय करावं का? तुमच्याकडे नसलेलं काहीतरी समोरच्याकडे खरंच असेल, कागद असो, भाषा असो, वाचायची पद्धत असो, तर नक्की करा. नुसतं परदेशातलं नाव जोडायचं म्हणून करत असाल तर नका करू, रिव्ह्यूअरला दुसऱ्या पानावर कळतं. आम्हाला पहिल्या फोनपासून पैसे मिळेपर्यंत अडीच वर्षं लागली. पुढच्या कॉलला परत देणार आहोत, यावेळी तिसऱ्या देशातलं एक आर्काइव्ह घेऊन, आणि त्यांच्या रिसर्च ऑफिसकडून बजेटचे नियम मी आत्ताच मागवलेत.